मराठवाड्यात राहून भाषणं, माध्यमं आणि कार्यालयीन संवादावर संशोधन कसं करावं

पत्रकारिता, जनसंवाद, मराठी किंवा इंग्रजी विभागातल्या विद्यार्थ्याला संशोधनाचा विषय विचारला की बहुतेक वेळा उत्तर ठरलेल्या साच्यातलं येतं. 'ग्रामीण विकासात वृत्तपत्रांची भूमिका : विशेष संदर्भ मराठवाडा', किंवा 'समाजमाध्यमांचा युवकांवरील प्रभाव'. या विषयांत खोटं ठरू शकेल असं काहीच नसतं, हीच त्यांची अडचण. वृत्तपत्रांची काही ना काही भूमिका असणारच, प्रभावही पडणारच. मग पुढची तीन-चार वर्षं प्रश्नावल्या भरून घेण्यात आणि टक्केवारीचे तक्ते काढण्यात जातात. एखादं भाषण, बातमी किंवा नोटीस माणसाला कशी पटते, कुठे पोचते आणि कुठे अडते, हे शोधायचं मूळ काम राहूनच जातं.

एम.ए.चा संशोधन प्रकल्प किंवा पीएच.डी. करू पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे, की कागद आधी हातात घ्या. त्यातून प्रश्न काढा. सिद्धांत त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी शीर्षक मंजूर होतं आणि मग त्याला पुरेल एवढी सामग्री शोधत माणूस फिरतो.

पहिली पायरी : ढीग शोधा

ढीग म्हणजे एकाच प्रकारचा पुष्कळ मजकूर. तो भाषणांचा असेल, अग्रलेखांचा, नोटिसांचा, ग्रामसभेच्या इतिवृत्तांचा किंवा आकाशवाणीवरच्या शेतीविषयक कार्यक्रमांचा. मराठवाड्यात असे ढीग जागोजागी आहेत, पण त्यांना विषय म्हणून हात लावणारे थोडेच.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या लढ्याचा काळ घ्या. विधिमंडळाचा ठराव झाला २७ जुलै १९७८ रोजी आणि विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांतले अग्रलेख, वाचकांची पत्रं, मोर्चातली पत्रकं आणि सभांची वृत्तं मिळून वादविवादाचं एक मोठं दालन होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या मदतीच्या बातम्या, शासकीय निवेदनं आणि पुनर्वसनाच्या सूचना हा आपत्तीकाळातल्या संवादाचा साठा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. ती गाडी देशभर बातमी झाली. तीच घटना लातूरच्या आवृत्तीत कशी आली आणि मुंबईच्या पानांवर कशी, हा स्वतंत्र प्रबंधाचा ऐवज आहे. सप्ताहातली कीर्तनं, आरक्षणाच्या आंदोलनातली भाषणं, पीक विम्याचे अर्ज, बँकेच्या वसुलीच्या नोटिसा, कृषी विज्ञान केंद्रांची घडीपत्रकं, सगळं याच यादीत बसतं.

ढीग निवडताना तीन गोष्टी पडताळा. तो खरंच टिकून आहे का, तुम्हाला बघायला मिळेल का, आणि तुम्हाला वाचता येईल का. तिसरा प्रश्न मराठवाड्यात फार महत्त्वाचा. १९४८ पूर्वीचं सरकारी दप्तर निजामाच्या राजवटीचं आहे, त्यात उर्दू आणि फार्सी येते. जुन्या घरगुती आणि महसुली कागदांत मोडी लिपी भेटते. हैदराबादच्या अभिलेखागारात जाऊन बसायची तयारी असेल तर त्याआधी निदान वर्षभर उर्दू शिका. तेवढी सवड नसेल तर विषय १९४८ नंतरचा घ्या, त्यात कमीपणा नाही.

वृत्तपत्रांच्या जुन्या बांधीव फायली कधी दैनिकाच्या कार्यालयात, कधी विभागीय किंवा जिल्हा ग्रंथालयात, कधी एखाद्या निवृत्त संपादकाच्या घरी सापडतात. जाताना विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र न्या. फोटो काढायची परवानगी लेखी मागा. प्रत्येक फोटोत दिनांक, आवृत्ती आणि पान क्रमांक येईल असं बघा. ई-पेपरवर काम करत असाल तर दुप्पट काळजी घ्या. तिथे जुने अंक कधी दिसेनासे होतील ते सांगता येत नाही, आणि एकाच दैनिकाच्या लातूर आणि नांदेड आवृत्त्यांत, मुख्य अंकात आणि जिल्हा पुरवणीत मजकूर वेगळा असतो. 'अमुक दैनिक, अमुक तारीख' एवढी नोंद संशोधनाला पुरत नाही.

शासकीय मजकूर हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पंचनामे किंवा नोटिसा मागताना नावं, गट क्रमांक आणि खाते क्रमांक झाकून द्यावेत, असं अर्जातच लिहा. तुम्हाला भाषा तपासायची आहे, माणसं शोधायची नाहीत, हे अधिकाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात कळलं की काम सोपं होतं.

दुसरी पायरी : एक कागद घेऊन बसा

ढीग मिळाला म्हणून लगेच सगळा वाचायला घेऊ नका. एक कागद निवडा आणि त्याच्याजवळ दोन दिवस बसा. उदाहरण म्हणून हवामानावर आधारित कृषी सल्ला घेऊ. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि भारतीय हवामान विभाग यांच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतून तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तज्ज्ञाने सामान्य माणसासाठी लिहिलेला, ठरावीक साच्यातला आणि वेळेला बांधलेला असा हा मजकूर आहे. व्यावसायिक संवादाचा नमुना म्हणून याहून चांगला कागद आपल्या भागात मिळणं कठीण.

त्यात साधारण या धाटणीचं वाक्य असतं : 'पावसाची शक्यता लक्षात घेता काढणी केलेल्या सोयाबीनची सुरक्षित ठिकाणी साठवणूक करावी.' भाषा स्वच्छ, सल्ला बिनचूक. आता अमेरिकन वक्तृत्व-अभ्यासक लॉइड बिट्झर यांनी १९६८ मध्ये मांडलेली चौकट त्याला लावून बघा. त्यांच्या मते कुठलंही वक्तव्य तीन गोष्टींतून आकार घेतं : परिस्थितीतली निकड, ती दूर करू शकणारा श्रोता, आणि त्या श्रोत्याला बांधून ठेवणाऱ्या मर्यादा.

निकड उघड आहे, शेंगा भिजून दाणे काळे पडतील. श्रोता कोण? 'करावी' या क्रियापदाला कर्ता नाही. करायचं कुणी? शेतमालकाने, बटईदाराने, की एकरावर उक्तं घेतलेल्या मजुरांच्या टोळीने? टोळी शेजारच्या शिवारात अडकली असेल तर सल्ला ऐकणाऱ्याच्या हातात काय उरतं? आणि 'सुरक्षित ठिकाण' म्हणजे कुठलं? गोदाम असणाऱ्याला तो शब्द एक सांगतो. दोन एकरवाल्याला त्याचा अर्थ रानातच गंजी घालून ताडपत्री टाकणं एवढाच आहे, आणि ताडपत्रीचा या वाक्यात उल्लेख नाही. शिवाय शुक्रवारी निघालेला सल्ला गावच्या व्हॉट्सॲप गटावर शनिवारी संध्याकाळी पोचला, तर मधल्या वेळाचं काय?

त्याच पत्रकातल्या 'तुरळक ठिकाणी' या उल्लेखाला हवामान विभागाची ठरलेली व्याख्या आहे. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस. त्यात पाऊस किती पडेल हे सांगितलेलं नसतं, किती जागी पडेल हे असतं. ऐकणारा हे प्रमाण पावसाच्या जोराचं समजतो का, हे कुणीतरी जाऊन विचारायला हवं.

एका वाक्यातून चार संशोधनप्रश्न निघाले, आणि चारही तपासता येतात. त्यातला एक घ्या. 'कृषी सल्ल्याचा शेतकऱ्यांवरील प्रभाव' हे शीर्षक सोडा. 'खरीप काढणीच्या काळातल्या कृषी सल्ल्यांत कृतीची जबाबदारी कुणावर टाकली जाते, आणि परभणी तालुक्यातले अल्पभूधारक ती कशी समजून घेतात', इतका नेमका प्रश्न करा. मार्गदर्शक कदाचित म्हणतील की विषय लहान आहे. त्यांना ढीग दाखवा. दहा खरिपांचे सल्ले जमवले तर सप्टेंबर-ऑक्टोबरचेच दीडशेहून जास्त होतात.

तिसरी पायरी : चौकट निवडा, पण एकच

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ॲरिस्टॉटलपासून आजपर्यंतच्या सगळ्यांची हजेरी घेण्याची सवय मोडायला हवी. तुमच्या प्रश्नाला जी चौकट लागते तेवढीच नीट समजून घ्या. एकाच वक्त्याच्या भाषणांचा अभ्यास असेल तर ॲरिस्टॉटलचे तीन आधार आजही कामाला येतात : बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. अर्ज, पंचनामा, इतिवृत्त असे साचेबंद मजकूर असतील तर कॅरोलिन मिलर यांचा १९८४ चा विचार वाचा. त्या म्हणतात की मजकुराचा प्रकार त्याच्या बाह्य रूपावरून ठरत नाही, वारंवार येणाऱ्या प्रसंगाला समाज जी कृती करतो त्यावरून ठरतो. तलाठ्याच्या पंचनाम्याला हे लावलं की तो भरण्याचा कागद उरत नाही, नुकसान मान्य करण्याची कृती होते. बातम्यांसाठी रॉबर्ट एन्टमन यांची १९९३ ची मांडणी सोयीची आहे. बातमी समस्या कोणती ठरवते, कारण कशाला धरते, दोष कुणाला देते आणि उपाय काय सुचवते, हे चार प्रश्न ती विचारते. लातूरच्या पाणीगाडीच्या बातम्यांना हे विचारून बघा. पाऊस कमी पडला हे कारण, की ऊस, की शहराचं पाणीनियोजन? उत्तराप्रमाणे दोषी बदलतो आणि उपायही बदलतो.

बाहेरच्या चौकटीइतकीच घरची चौकट गंभीरपणे घ्या, असं माझं ठाम मत आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडात पोतराज, जोगवा मागणारी, विंचू चावलेला अशा लोकांच्या ओळखीच्या रूपांतून अध्यात्म गळी उतरवलं. श्रोत्याच्या जगात शिरून त्याला पटवण्याची ती पूर्ण विचारांती केलेली रीत आहे. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग अशी स्वतःची बांधणी आहे, आधी तत्त्व आणि मग आख्यान. वारकरी कीर्तन एका अभंगाच्या निरूपणावर उभं राहतं. सप्ताहातल्या कीर्तनाचं विश्लेषण करताना ही बांधणी बाजूला ठेवून फक्त परकी परिभाषा लावली तर कीर्तनकार मधेच शेतीवर, हुंड्यावर, मोबाइलवर का वळतात आणि अभंगाकडे कसे परततात, हे हातातून निसटतं.

चौथी पायरी : नमुना आणि मोजणी

वर्षभराचे ३६५ अंक वाचायची गरज सहसा नसते. दैनिकांसाठी 'रचित आठवडा' ही रीत आहे. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक, सगळ्या मंगळवारांतून एक, असे सात दिवस निवडायचे. वर्षभराच्या सर्वसाधारण मजकुराचा अंदाज घ्यायला असे दोन आठवडे, म्हणजे चौदा अंक पुरतात, असं माध्यम संशोधकांनी तपासून दाखवलं आहे. रविवारची पुरवणी किंवा सोमवारचे कमी जाहिरातींचे अंक यांमुळे येणारा कल त्यात समतोल होतो. पण विषय हंगामी असेल तर ही रीत तशीच उचलू नका. टंचाईच्या बातम्या फेब्रुवारी ते जूनमध्ये दाटतात. तिथे तेवढ्याच महिन्यांतून तारखा काढा, किंवा ठरावीक काळातल्या सगळ्याच बातम्या घ्या.

मग संकेतन, म्हणजे प्रत्येक बातमीला ठरलेल्या खुणा लावणं. आधी खुणांची व्याख्यापुस्तिका लिहा. 'दोष सरकारला' ही खूण कधी लावायची, बातमीत अधिकाऱ्याचा नुसता उल्लेख असला तर लावायची का, हे उदाहरणासह लिहून ठेवा. त्यानंतर दुसऱ्या एका व्यक्तीकडून शे-दीडशे बातम्यांवर स्वतंत्रपणे खुणा लावून घ्या आणि दोघांची जुळणी तपासा.

नुसती टक्केवारी इथे फसवते. समजा दोघांचं ऐंशी टक्के बातम्यांवर एकमत झालं. पण बहुतेक बातम्या एकाच प्रकारच्या असतील, तर योगायोगानेही सत्तर टक्के एकमत झालं असतं. कोहेनचा कॅप्पा हे जुळणीचं माप हेच वजा करतं : ०.८० मधून ०.७० काढा, उरलेल्या ०.१० ला ०.३० ने (म्हणजे १ वजा ०.७०) भागा, उत्तर येतं ०.३३. म्हणजे जुळणी कच्ची आहे. क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे तसंच दुसरं माप वापरत असाल तर ०.८० च्या पुढे भरवसा धरावा आणि ०.६६७ च्या खाली निष्कर्ष काढू नयेत, असा संकेत आहे. आकडा कमी आला तर व्याख्या सुधारा आणि पुन्हा खुणा लावा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण मौखिकीत, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरचे परीक्षक बहुतेक इथेच बोट ठेवतात.

पाचवी पायरी : माणसांशी बोला

मजकुराचा अभ्यास तो वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांपर्यंत न्यायचा असेल तर मुलाखती लागतात. प्रश्नावली वाटून 'होय / नाही / सांगता येत नाही' भरून घेण्यापेक्षा पंधरा-वीस लोकांशी निवांत बोलणं जास्त देतं. तोच शुक्रवारचा सल्ला समोर ठेवा, मोठ्याने वाचा आणि विचारा, 'काका, हे ऐकून तुम्ही उद्या सकाळी काय कराल?' समजलं का, असं विचारू नका. समोरचा संकोचाने 'समजलं की' म्हणेल आणि मुलाखत तिथेच संपेल. मावशींशी वेगळं बोला, पुरुषमंडळींच्या बैठकीत त्या बोलणार नाहीत. काढणी, वाळवण आणि साठवण यांचा मोठा भाग त्यांच्याच हातात असतो.

संमती आधी घ्या. सही किंवा अंगठ्याला लोक बिचकतात, कारण कागदावर अंगठा देण्याचा अनुभव त्यांना कर्जाच्या निमित्ताने आलेला असतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली तोंडी संमती चालेल का, हे विद्यापीठाच्या नियमात पाहून मार्गदर्शकांशी आधीच ठरवा.

लिहून काढताना बोली धुऊन टाकू नका. लातूर-नांदेडकडचा माणूस 'पाऊस येऊलालाय' म्हणाला तर तसंच लिहा, 'पाऊस येत आहे' असं करू नका. सल्ला प्रमाण मराठीत आणि ऐकणारा या बोलीत, हे अंतरच तुमचा विषय आहे. गरज पडेल तिथे खाली अर्थ द्या.

आंदोलन, जात किंवा निवडणूक यांवर काम असेल तर तुमचं गाव, आडनाव आणि तुमची बाजू लोकांना ठाऊक असते, त्यावरून ते बोलणं बेततात. हे पद्धतीच्या प्रकरणात उघडपणे लिहा.

संगणकाचं काम

आपल्याकडचं बरंच जुनं टंकलेखन श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांत आहे. अशा पीडीएफमधून मजकूर उचलला की निरर्थक अक्षरं येतात आणि शोध चालत नाही. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करा. अंकांचे फोटो असतील तर गूगल ड्राइव्हची अक्षरओळख मराठी बऱ्यापैकी वाचते, पण जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासावेच लागतात. स्वतःचा प्रबंध पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच टंकित करा. संदर्भांच्या नोंदी ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे. फायलींना 'वृत्तपत्र-आवृत्ती-वर्ष-महिना-दिनांक-पान' अशी एकसारखी नावं द्या आणि सगळ्याची एक प्रत घराबाहेर कुठेतरी ठेवा.

नियम आणि पैसा

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. प्रवेश नेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या पेटवर, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेवर होतात, त्यामुळे दोन्ही विद्यापीठांच्या सूचना सतत बघत राहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, एम.फिल. बंद झालं आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. तेव्हा मार्गदर्शक मनात ठरवण्याआधी त्यांच्याकडे जागा आहे का ते विचारा, आणि त्यांनी आधी मार्गदर्शन केलेले प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर वाचा. तिथे माणूस कळतो.

जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या गटांसाठी आहेत. जातवैधता, उत्पन्न आणि नोंदणीची कागदपत्रं आधीच तयार ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ करून ती मिळत नाहीत.

वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत मजकूर सुधारून द्यावा लागतो आणि साठच्या पुढे नोंदणीच रद्द होते. शोधनिबंधांबाबतही सावध राहा. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे, तरी तिचं नाव सांगून पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्यांचे संदेश येत राहतात. तिकडे वळू नका. निबंध परत आला तरी चालेल, पण जिथे कुणीतरी तो खरोखर वाचतं, तिथेच पाठवा.

लेखन

विश्लेषणाचं प्रकरण आधी लिहा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. रोज एक मजकूर उचला आणि त्यावर एक पान लिहा. उद्धरण द्या, मग त्यात काय घडतंय ते दाखवा, मग त्यासारखे आणखी किती मजकूर ढिगात आहेत ते सांगा. उद्धरणाशिवाय केलेलं विधान खोडून टाका. मराठीत लिहीत असाल तर 'दिसून येते', 'आढळून आले आहे' यांचा मारा टाळा. शासकीय मजकुरात कर्ता लपतो म्हणून आपण त्याची चिकित्सा करतो, मग आपल्या प्रबंधातही 'मी बातम्या मोजल्या' असं लिहायला हरकत नसावी. काही मार्गदर्शकांना हे चालत नाही. त्यांच्याशी शांतपणे बोला, एखादं प्रकरण तसं लिहून दाखवा.

मौखिकीला जाताना व्याख्यापुस्तिका, नमुन्याच्या तारखांची यादी आणि मूळ मजकुरांचा संच बरोबर ठेवा. प्रबंध जमा झाला की निष्कर्षांचं दोन पानी मराठी टिपण करा. ज्यांचा मजकूर तपासला त्या कृषी विज्ञान केंद्राला, तहसील कार्यालयाला किंवा संपादकाला ते द्या, आणि ज्यांनी मुलाखती दिल्या त्या गावात वाचून दाखवा. सल्ला लिहिणाऱ्याला 'ताडपत्रीने झाकावे' हे दोन शब्द वाढवायला सांगता येतील, इतकं नेमकं त्यात असू द्या.